पुण्याची नोकरी घ्यावी का?

प्रश्न : रत्नागिरीत हातात २८ हजार येतात, घर स्वतःचं. पुण्यातून सहा लाखांचं पॅकेज आलंय. घरी आई एकटी, हापूसची चाळीस कलमं. जाऊ का?
– एक वाचक, पावस

उत्तर : सहा लाखांना बाराने भागू नका. मूळ पगार २५ हजार धरला, तर तुमचा आणि कंपनीचा असा दोन्ही बाजूंचा पीएफ ६,०००, ग्रॅच्युइटी सुमारे १,२०० आणि व्यवसाय कर २०० वजा जाऊन हातात ४२,६०० उरतात. त्यातून भाडं १५ हजार, जेवण-प्रवास १० हजार गेले की शिल्लक १७ हजारांच्या आसपास. आज रत्नागिरीत तुमचे किती उरतात, त्याच्याशी हे ताडा, पगाराशी नको. ऑफर लेटरमध्ये ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, असेल तर तो आधी वगळा.

खरी अडचण कलमांची. मोहोरावर तुडतुडे आले की फवारणी शनिवार-रविवारची वाट बघत नाही. तेव्हा बाग कराराने द्या, आणि तेही मोहोर यायच्या आधी, लेखी.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. अनामत किती दिवसांत परत, रंगकामाचे पैसे कोणाचे, हे त्यात लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

गणपतीची रजा मात्र रुजू होण्याआधीच बोलून ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं नि बघता बघता संपतं!