अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १२५० ग्रॅम. यंत्राचा भोंगा सारखा वाजतो. तिला हात लावायचीही भीती वाटते. (रामबाग, इंदूर)

उत्तर : इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचे श्वसनावरील नियंत्रण पुरते आलेले नसते. श्वास वीस सेकंद थांबला किंवा ठोके मंदावले की भोंगा वाजतो, आणि पुष्कळदा परिचारिकेने तळपाय हलकेच चोळताच श्वास पूर्ववत होतो. यंत्राकडे त्यांना पाहू द्या. आपण मुलीकडे पाहा. अंगठ्या-बांगड्या काढून, कोपरापर्यंत हात धुऊन, एक तळहात डोक्यावर आणि दुसरा दुमडलेल्या पायांवर नुसता टेकवून ठेवा. कुरवाळू नका, त्याने ती थकते. बोटे ताठ पसरली, चेहरा आक्रसला, की तिला विश्रांती हवी असे समजावे. उघड्या छातीशी बाळ धरण्याची कांगारू पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७८च्या सुमारास सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला ८ ते २४ तास तसे धरण्याची शिफारस करते. डॉक्टरांना याविषयी आपणहून विचारा. आई-वडिलांना भेटीच्या वेळेचे बंधन घालणे मला सर्वथा अयोग्य वाटते; ते पाहुणे नव्हेत, त्यांचा स्पर्श हा उपचाराचाच भाग आहे.

प्रश्न : बाळाला नळीने दूध देतात. मला जेमतेम चमचाभर येते. सासूबाई म्हणतात, डब्याचे सुरू करा.

उत्तर : चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, म्हणून सध्या नळी. आपला चमचाभर चीकही मोलाचा आहे, कारण आईच्या दुधाने आतड्यांच्या जीवघेण्या दाहाचा धोका घटतो. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढत राहा. काढल्यानेच ते वाढते. सासूबाईंना वाट्या उकळून देण्याचे आणि रात्री आपल्याला उठवण्याचे काम सोपवा. काळजीपोटीच त्या बोलत आहेत.

प्रश्न : वडिलांनी बाळाला छातीशी धरले तर चालते का?

उत्तर : अवश्य. आई शस्त्रक्रियेनंतर झोपून असेल, तर वडिलांनी धरलेच पाहिजे.

प्रश्न : मुलगा बत्तिसाव्या आठवड्यातला. आता घरी सोडत आहेत. डोळे उत्तम दिसतात. तपासणी पुढे ढकलावी का?

उत्तर : मुळीच नको. दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विकृत वाढ बाहेरून दिसत नाही. चौतिसाव्या आठवड्यापूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फार लहान बाळांची त्याहूनही लवकर. वेळेत आढळल्यास लेसरने दृष्टी वाचवता येते. सुट्टीच्या कागदावर नेत्रतपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका.