अळी, पोथी आणि दगड: तिन्ही प्रबंधांत समान काय असते?

आपण विचारले आहे की एकाने कपाशीवरील अळीवर, दुसऱ्याने जुन्या पोथीवर आणि तिसऱ्याने दगडावर प्रबंध लिहिला तरी तिघांनाही एकच पदवी कशी मिळते, आणि या कामांत समान असे खरोखर काही असते का. मी संशोधक नाही. बुलडाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे टंकलेखनाचे आणि बांधणीचे दुकान आहे, आणि गेली १७ वर्षे अमरावती, अकोला, नागपूरकडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तेथून काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांसह बाहेर पडत आले आहेत. तेव्हा हे उत्तर टंकलेखकाचे आहे असे समजावे.

प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भसूची ही मांडणी सर्वत्र सारखीच असते. पण ते साम्य मी धरत नाही, कारण तो साचा माझ्याच संगणकात तयार असतो. शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, चार वर्तुळालेख काढायचे आणि गावात सर्वांना आधीपासून ठाऊक असलेला निष्कर्ष लिहायचा, असेही पुष्कळ प्रबंध मी बांधून दिले आहेत. प्रबंधात जीव आहे की नाही हे मला पद्धतीच्या प्रकरणात कळते.

अळीचेच उदाहरण घेतो. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने त्याच कपाशीची बोंडे पोखरली. त्यानंतर या अळीवरचे बरेच काम माझ्याकडे आले. त्यातील एका विद्यार्थ्याने वडिलांच्याच वावरात प्रयोग मांडला होता. मादीच्या गंधाची गोळी लावलेले कामगंध सापळे, सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की फवारणी, रोज डोमकळ्यांची (अळी आत असल्याने नीट न उमललेल्या फुलांची) मोजणी, असे सगळे त्याने नेटके लिहून ठेवले होते. मात्र प्रत्येक पट्ट्यात काही तासे त्याने मुद्दाम बिनफवारणीची सोडली होती. शेजारचे काका धुऱ्यावर उभे राहून त्याला विचारत, "काऊन रे बाबू, या तासाईनंच काय पाप केलं?" ती तासे तशीच राहिली नसती, तर उरलेल्या कपाशीला फवारणीने वाचवले की पावसाच्या उघडिपीने, हे त्याला कधीच सांगता आले नसते.

शेताचे तुकडे पाडून, कोणत्या तुकड्यावर काय करायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवण्याची ही रीत १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी बसवली. पुढे डॉक्टरांनी ती उचलली आणि क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची १९४८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच वळणाची होती. आपल्याकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरपोच उपचारांचे जे काम १९९९ साली मांडले, त्यात चिठ्ठ्या नव्हत्या, पण ३९ गावांत उपचार आणि शेजारची ४७ गावे तुलनेला, अशी रचना होती. वावर आणि बाळंतिणीची खोली यांचा संबंध नाही असे आपण म्हणाल, परंतु हिशेबाची रीत एकाच बांधावरून आलेली आहे.

पोथीवाल्यांना असा प्रयोग करता येत नाही, कारण होऊन गेलेले पुन्हा घडवता येत नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी जाणकारांना विचारून विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले (माझ्या मते विदर्भातील पहिले क्षेत्रकार्य हेच). ती मूळ प्रत पुढे हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला अशी परंपरा आहे. आज हाती असलेल्या पोथ्यांत पाठभेद फार, मग कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे ठरवायचे कसे? अभ्यासक चुका पाहतात. बरोबर मजकूर कोणाचाही कोणाशी जुळेल. पण एकच विचित्र चूक दोन पोथ्यांत त्याच जागी सापडली, तर त्यांचे घराणे बहुधा एक. जीवशास्त्रज्ञही प्राण्यांची वंशावळ लावताना असेच समान बदल शोधतात.

ही युक्ती मला एका विद्यार्थिनीने समजावून सांगितली, आणि महिन्याभरातच ती माझ्या कामी आली. जुन्या कृतिदेव फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना माझ्या संगणकावर 'शो' या अक्षराची मात्रा फुटून काना आणि मात्रा वेगवेगळे पडत, आणि एका प्रबंधातील अशा काही जागा माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. दोन वर्षांनी दुसऱ्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने आणलेल्या फाइलमध्ये त्याच वाक्यांत, त्याच जागी तीच फुटकी अक्षरे होती. मी ते प्रकरण टंकित न करता परत दिले.

दगडाचे काम तर माझ्या दाराशीच आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते ज्वालामुखीचे की उल्केचे हा वाद पुष्कळ वर्षे चालला. तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकात धडकेच्या दाबाने काच झालेले खनिज सापडले, आणि १९७३ साली उल्केच्या बाजूने निकाल लागला. ज्वालामुखीत तेवढा दाब निर्माण होत नाही. त्याच विवराच्या खाऱ्या पाण्यातील जिवाणूंवर आणि गावातील दैत्यसूदन मंदिराच्या शिल्पांवरही माझ्याकडे प्रबंध आले आहेत, आणि तिन्हींच्या संदर्भसूचीत एकही नाव सामाईक नव्हते.

भूगर्भशास्त्राच्या त्या मुलाने विवराचे वय एका प्रकरणात सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसऱ्यात ५ लाख ७० हजार वर्षे लिहिले होते. टंकनाची चूक समजून मी फोन केला. तो म्हणाला, "दोन्ही आकडे राहू द्या. पहिला काचेत साठलेल्या ऊर्जेवरून आलेला आहे, दुसरा आर्गॉन वायूवरून, आणि माझा कल दुसऱ्याकडे का आहे ते पाचव्या प्रकरणात आहे." मी पाचवे प्रकरण काढले. त्यात पहिल्या पद्धतीवर आठ पाने होती, आणि स्वतःच्या मतावरील आक्षेपांवर अकरा.