हिवाळ्यात चालवायच्या साइड-बाय-साइड गाडीला घरच्या घरी बंद केबिन बनवता येते का?

येते. कंपनीची केबिन काही हजार डॉलरला पडते, मग गॅरेजमध्ये स्वतःच का करू नये, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो. इथे जानेवारीत उणे २० अंश सेल्सिअस ही काही बातमी नसते, त्यामुळे असल्या घरगुती केबिन बऱ्याच बघायला मिळतात. काही झकास असतात, काहींमध्ये मला कुणी पैसे दिले तरी मी बसणार नाही.

आधी एक विचारतो: गाडी खरंच साइड-बाय-साइड आहे ना? म्हणजे शेजारी-शेजारी सीट, स्टिअरिंग, सीटबेल्ट आणि डोक्यावर पाइपांचा पिंजरा. टांग टाकून बसायची, हँडलची एटीव्ही असेल तर बंद केबिनचा नाद सोडा. तिच्यावर अंग झुकवून तोल सांभाळावा लागतो आणि गाडी कलंडू लागली तर उडी मारून बाजूला व्हावं लागतं. चारही बाजूंनी बंद असताना यातलं काहीच जमणार नाही. तिला पुढची काच, हँडलवर हात झाकणारे मफ आणि गरम होणाऱ्या ग्रिप पुरे.

आता मूळ मुद्दा. थंडीपेक्षा वाराच जास्त छळतो. हवा उणे १० असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा तोंडावर आला की उघड्या कातडीला उणे २० असल्यासारखं वाटतं; उणे २० ला तेच उणे ३३ च्या आसपास जातं. म्हणजे नुसता वारा अडवला तरी दहा-तेरा अंशांचा फरक पडतो, तोही हीटरशिवाय. पैसे बेतानं खर्च करायचे असतील तर हीटर सगळ्यात शेवटी घ्या.

बहुतेक लोक पुढची पूर्ण काच लावतात आणि मागची बाजू तशीच ठेवतात. मग गाडी वेगात असताना आतला दाब कमी होतो आणि हवा मागून आत वळते. तिच्याबरोबर भुरभुरीत बर्फ येतो, कॉलरमधून मानेवर उतरतो आणि काचेच्या आतल्या बाजूला चिकटतो. सायलेन्सरचा धूरही त्याच वाटेनं आत शिरतो, ही जास्त काळजीची गोष्ट. म्हणून पुढची काच आणि मागचं पॅनेल एकाच वेळी बसवा. मागचं पॅनेल लावताना इंजिनाच्या आणि चाकांना ताकद पोचवणाऱ्या बेल्टच्या हवेचे मार्ग झाकले जात नाहीत ना, ते बघा. काही मॉडेलमध्ये ते सीटच्या मागेच असतात.

पिंजऱ्याच्या पाइपांना भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. गाडी उलटली तर जीव वाचवणारं तेवढंच आहे. रबर लावलेले क्लॅम्प वापरा.

पॅनेलसाठी पॉलीकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक घ्या. अ‍ॅक्रिलिक हे दुसरं पारदर्शक प्लास्टिक स्वस्त पडतं, पण कडक थंडीत फांदी आपटली की त्याचे तुकडे होतात. ६ मिलिमीटर जाडीचा पॉलीकार्बोनेटचा पत्रा चौरस मीटरला सात किलोच्या आसपास भरतो, तेवढ्याच जाडीची काच त्याच्या दुपटीनं. पुढच्या काचेसाठी मात्र ओरखड्यांना टिकणारं, कडक लेप दिलेलं पॉलीकार्बोनेटच घ्या. आधी मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप काढा, तो पुठ्ठा गाडीवर लावून बघा आणि मगच कापायला घ्या. कापून होईपर्यंत वरची फिल्म काढू नका.

भोकं बोल्टपेक्षा मोठी पाडा. गरम गॅरेजमधल्या २० अंशांतून बाहेरच्या उणे ३० मध्ये गेलं की एक मीटर लांबीचं पॉलीकार्बोनेट तीन मिलिमीटरहून जास्त आकसतं. भोक बरोबर बोल्टच्या मापाचं असेल तर तडा तिथूनच जातो. खाली रबरी वॉशर घाला आणि बोल्ट बेताचे आवळा. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून जो गोंद लावतात, तो इथे लावू नका, त्यानं पॉलीकार्बोनेटला बारीक भेगा पडतात. नायलॉनचे लॉकनट वापरा. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रेही चालत नाही. कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो.

आतल्या बाजूला बर्फ धरणं ही सगळ्यांचीच तक्रार. दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर गोठते आणि खरवडायला जावं तर ओरखडे पडतात. यावर उपाय केबिन आणखी घट्ट बंद करणं हा नाही. एक लहान पंखा बाहेरची ताजी हवा आत ओढेल असा बसवा आणि मागे वरच्या कोपऱ्यात हवा बाहेर जायला फट ठेवा. आतला दाब किंचित जास्त राहिला की बर्फाची भुकटी आणि धूर फटींतून आत येत नाही.

हीटर लावायचाच झाला आणि इंजिन पाण्यानं थंड होणारं असेल, तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) होजमधून जोड काढून बसवायचा हीटर घ्या. १२ व्होल्टचा पंखा लावण्याआधी गाडीची वीज किती पुरते ते मॅन्युअलमध्ये तपासा. आत प्रोपेन गॅसचा उघडा हीटर ठेवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. जळताना त्यातून पाण्याची वाफ निघते, म्हणजे काच आणखी धुरकट होते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. त्याला ना वास ना रंग. कुठलाही हीटर असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. फक्त तो थंडीत चालणारा हवा, घरातले बहुतेक अलार्म गोठणाऱ्या हवेसाठी बनवलेले नसतात.

दारं दोन्ही बाजूंना, आणि कडी आतून, जाड हातमोजे घातलेल्या हातानंही उघडता आली पाहिजे. घरी एकदा हातमोजे घालून, डोळे मिटून उघडून बघा. बिजागऱ्या दार वर उचलून काढता येईल अशा घ्या. मासेमारीसाठी गोठलेल्या तळ्यावर गाडी नेणार असाल तर याला पर्याय नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेनुसार साइड-बाय-साइडसाठी ७ ते ८ इंच पक्का, पारदर्शक बर्फ हवा. पांढुरका बर्फ असेल तर त्याहून बराच जाड. तेवढा असला तरी दारं काठावरच काढून ट्रेलरमध्ये ठेवा आणि बर्फावर सीटबेल्ट सोडून हळू चला.

गाडीचं मॉडेल आणि पिंजऱ्याच्या पाइपचा व्यास कळवलात तर क्लॅम्प कोणत्या मापाचे लागतील ते सांगतो.