'आघाडीचा उमेदवार' आणि माध्यमांची 'छाननी'

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) बातमीत 'आघाडीच्या उमेदवाराची माध्यमांकडून छाननी' असं वाचलं. फ्रंटरनर आणि स्क्रुटिनी यांना हे शब्द चालतील का?

माझ्या मते दोन्ही बदलावेत. 'आघाडीचा उमेदवार' म्हटलं की आपल्याला चार पक्षांनी मिळून तिकीट दिलेला माणूस दिसतो. 'आघाडीवरचा' केल्याने थोडं सावरतं, पण 'तिसऱ्या फेरीअखेर आघाडीवर' ऐकून कान इतके तयार झालेत की मतमोजणी सुरू आहे असंच वाटतं. फ्रंटरनर बहुतेकदा पहिलं मत पडण्याआधीच जनमत चाचण्या आणि देणग्यांच्या जोरावर ठरतो. 'प्रबळ दावेदार' बरा, पण दावेदार तीन-चारही असतात. एकच माणूस सांगायचा तर सरळ 'सध्या सर्वांत पुढे असलेला' लिहावं. लांबतं, लांबू दे.

'छाननी' मला जास्त खटकते. ती निवडणूक अधिकारी करतो, अर्जांची करतो आणि ठरल्या तारखेला करतो. बातमीदारांचं काम इतकं शिस्तीत चालत नाही. १९८७ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी गॅरी हार्ट पुढे होते. 'मायामी हेरल्ड'च्या बातमीदारांनी त्यांच्या वॉशिंग्टनमधल्या घरावर नजर ठेवली, ३ मे रोजी त्यांच्या खासगी संबंधांची बातमी छापली आणि ८ मे रोजी हार्ट शर्यतीबाहेर गेले. (डिसेंबरात परत उतरले, पण जम बसला नाही.) याला छाननी कोण म्हणेल? ही पाळत. २०११ च्या शरद ऋतूत रिपब्लिकनांमध्ये हर्मन केन चाचण्यांत वर चढले, तशी त्यांच्या '९-९-९' करयोजनेची चिरफाड सुरू झाली. मग लैंगिक छळाचे जुने आरोप बाहेर आले. त्यांनी ते फेटाळले, तरी ३ डिसेंबरला प्रचार थांबवला.

पाळत, चिरफाड, उकराउकरी या सगळ्याला मिळून एकच शब्द हवा असेल तर माझं मत 'झाडाझडती'ला. ती घेणं म्हणजे खडसावणं, असा आक्षेप येईल. पण घराची, सामानाची झाडाझडती हा अर्थ अजून वापरात आहे आणि इथे तोच लागतो. 'सर्वांत पुढे असलेल्या केन यांची माध्यमांनी झाडाझडती घेतली' हे वाक्य कुणालाही एका वाचनात कळेल.

प्रायमरी मात्र प्रायमरीच राहू द्या. 'प्राथमिक निवडणूक' वाचून निम्म्या लोकांना शाळा आठवते.