घोड्यांची आवड लहानपणापासून आहे. उपचारात्मक घोडेस्वारी शिकवायला तेवढी पुरेल का?

आवड हवीच, पण तेवढ्यावर भागत नाही. मीही लहानपणापासून घोडावेडा. शिकवायला लागल्यावर कळलं, इथे घोड्याइतकंच माणसाचं शरीर ओळखता यायला हवं. घोडा संथ चालतो तेव्हा स्वाराची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत हलते, जवळजवळ आपण चालताना हलते तशीच. न चालणाऱ्या मुलाला चालण्याची लय मिळते ती अशी. मी बाजूने आधार देत चालतो, आणि त्याची आखडलेली मांडी हळूहळू सैल होताना माझ्या हाताला कळते. इतक्या वर्षांनीही तो क्षण नवाच वाटतो.

खोगिरावर बसणं जमत नसेल तर घोडागाडी हाकता येते. काही गाड्यांत व्हीलचेअरसकट चढता येतं. लगामाची दुसरी जोडी शेजारच्या शिक्षकाकडे असते.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला मदत लागायची, तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक हालचाली अचूक करवून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं.

तुम्ही आधी काही महिने स्वयंसेवक म्हणून घोड्याच्या बाजूने चाला. प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचं त्यानंतर बघा.