शेजाऱ्याचा बल्ब मिणमिणला आणि तुमचा लॅपटॉप गेला

प्रश्न : ताई, मी पाटण तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे. मागच्या बुधवारी वळीव आला, तेव्हा संध्याकाळचं संकलन चालू होतं. लाईट एकदम प्रखर झाली, पंखा उडून जाईल असा फिरायला लागला आणि फाटकन दोन एलईडी बल्ब गेले. मी पळत जाऊन मेन स्विच पाडला. शेजाऱ्याच्या गोठ्यात कडबाकुट्टी चालू होती, ती मात्र घरघरत बसली आणि तिथला पिवळा बल्ब मिणमिणत होता. आमचा लॅपटॉप चार्जिंगला होता. २०१७ चा आहे, बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. आता बटण दाबलं तर ना दिवा ना आवाज. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला, साडेनऊ हजार होतील, डेटाची खात्री नाही. १४० सभासदांचं लिटर-फॅट त्यात आहे आणि दहा दिवसांचं बिल तोंडावर आलंय. काय करू?

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते गोठ्यातल्या पिवळ्या बल्बचं. तुमच्याकडे लख्ख आणि त्याच क्षणी शेजारी मिणमिण, म्हणजे ही वीज पडल्याची खूण नाही. कुठंतरी न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला किंवा ढिला झाला.

डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल निघतो. एकेका घराला एक फेज आणि तो सामाईक न्यूट्रल मिळतो, म्हणून २३० व्होल्ट. न्यूट्रल सुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एका दोऱ्यात ओवल्यासारखं दोन फेजच्या मधे येतं, आणि दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट असतात. त्यांची वाटणी मोठी उफराटी होते. ज्याच्याकडे जड लोड, त्याच्या वाट्याला दाब कमी. शेजाऱ्याची कुट्टी चालू होती, ती बसली. तुमच्याकडे दोन-चार बल्ब, एक पंखा आणि लॅपटॉप. उरलेला सगळा दाब तुमच्या अंगावर आला. मेन पाडलात ते फार बरं केलंत.

आता चार्जर उलटा करून बघा. इनपुट १००-२४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल. २४० च्या थोडं वर गेलं तरी तो सोसतो, पण साडेतीनशेच्या पुढं नाही. आत शिरताच आधी फ्यूज असतो, त्याला लागून नाण्याएवढी निळी किंवा पिवळी चकती असते, एमओव्ही. दाब वाढला की ती स्वतःला जाळून घेते आणि फ्यूज उडवते. मागं वीज साठवणारा मोठा कपॅसिटर असतो, बहुतेक ४०० किंवा ४५० व्होल्टचा. तो फुगतो, डोकं फाटतं, कुजक्या मासळीसारखा वास येतो. चार्जर हुंगून बघा, हसू नका, मी रोज हुंगते. लॅपटॉपकडे जाणारे १९ व्होल्ट या सगळ्याच्या पलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला तयार होतात. म्हणून असल्या झटक्यात बहुतेक वेळा चार्जर मरतो आणि लॅपटॉप वाचतो.

मग तुमचा लॅपटॉप एवढा निपचित का? कारण बॅटरी आधीच संपलेली. धड बॅटरीचा असता तर चार्जर मेल्यावरही तासभर चालला असता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. कऱ्हाडातल्या माझ्या दुकानात ‘बोर्ड गेला’ असा शिक्का मारलेले लॅपटॉप येतात, आणि पिशवीत चार्जर नसतो. तो घरीच राहिलेला. मी आधी त्यांना परत पाठवते.

चार्जर उघडू मात्र नका. कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही भार राहतो. शिकाऊ असताना एकदा मी असा झटका खाल्लाय की हातातला स्क्रूड्रायव्हर भिंतीवर आदळला.

क्रम असा ठेवा. आधी वायरमनकडून सॉकेटमधला दाब मोजून घ्या, एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असताना. न्यूट्रल नुसता पिळून जोडला असेल तर नवा चार्जरही त्याच वाटेनं जाईल. मग त्याच्याच मीटरनं चार्जरचं आउटपुट बघा. मीटर डीसीच्या २०० च्या रेंजवर ठेवायला सांगा, कारण २० च्या रेंजवर २० व्होल्टचा चार्जर नुसता ‘१’ दाखवतो आणि माणूस चांगला चार्जर फेकून देतो. गोल पिनच्या आतल्या भिंतीला लाल, बाहेरून काळा. मधे सुईसारखी पिन असेल तर ती करंटची नाही, चार्जरची ओळख सांगायची आहे. तिला लाल लावून शून्य आलं म्हणून घाबरू नका, आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवू नका. (हे गोल पिनचं झालं. टाइप-सी चार्जर समोर लॅपटॉप ओळखल्याशिवाय २० व्होल्ट सोडतच नाही, त्याला मीटर लावून उपयोग नाही.)

शून्य आलं तर दुसरा चार्जर मागून आणा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा जास्त, पिन तीच. लावण्याआधी बॅटरी निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा, आणि मग बॅटरीशिवायच चार्जरवर चालू करून बघा. झटक्यानंतर बोर्ड कधीकधी अडून बसतो, त्यातला साठलेला भार उतरला की शुद्धीवर येतो. माझा अंदाज, तुमचं काम इथंच होईल.

नाही झालं तर चार्जरवरच्या दिव्याकडे बघा. लॅपटॉपला पिन लावताच तो विझत असेल, तर आत कुठंतरी शॉर्ट आहे. हे बोर्डाचं काम खरं, पण बोर्ड बदलायचं नव्हे. बहुतेक वेळा पिन येते तिथला एखादा मॉस्फेट (वीज चालू-बंद करणारी छोटी चिप) किंवा तिळाएवढा कपॅसिटर असतो. बोर्डावर स्पिरिट लावायचं, बाहेरून एखादा व्होल्ट सोडायचा, जिथं ते आधी वाळेल तो चोर. दुकानदाराला एवढंच विचारा : “चिप लेव्हलचं काम करता का?” नाही म्हणाला तर लॅपटॉप परत घ्या, भांडू नका.

दिवा लागला, पंखा फिरला, पण पडदा काळा? अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. काहीच नसेल तर रॅम काढून, टोकं खोडरबरनं पुसून, परत बसवायची. चार्जर आणि बॅटरी काढूनच.

आता बिलाचं. तुमचे आकडे बोर्डात नाहीत, डिस्कमध्ये आहेत. त्या सालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती अडीच इंची, चार स्क्रूंवर बसलेली असते. यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फायली दिसतात. बोर्ड खरंच गेला असला तरीही. ते काम आधी करून घ्या, तुमच्यासमोर, आणि मग दुरुस्तीचं बोला. चालू झाला पण ‘बूट डिव्हाइस नाही’ असं आलं, तर ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. बायोसमधली (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) सेटिंग मूळ पदावर गेल्यानंही तसं होतं.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत शिकतो. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवलीय, थेट चार्जरवर चालवतो. विंडोजचा अपडेट चालू असताना तीनदा लाईट गेली. आता ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ येतं आणि परत तेच. प्रोजेक्ट सोमवारी द्यायचाय.

उत्तर : फुगलेली काढलीस, शाबास. ती खोलीतही ठेवू नकोस, ई-कचऱ्यात दे. पण बॅटरी नसलेला लॅपटॉप म्हणजे यूपीएस नसलेला डेस्कटॉप, आणि तू कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर अपडेट लावलास!

तुझं हार्डवेअर ठीक दिसतंय, अर्धवट लिहिलेल्या फायली नडतायत. आधी प्रोजेक्ट काढ. रिपेअरच्या पडद्यावरून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, तिथून ‘कमांड प्रॉम्प्ट’, आणि त्यात नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर. नोटपॅड उघडेल. फाइल, ओपन, खाली ‘ऑल फाइल्स’ निवड. त्या छोट्या खिडकीतून तुझी फोल्डर दिसतील, कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट कर. सी ड्राइव्ह तिथं डी नावानं दिसू शकतो, दचकू नकोस. मधेच ४८ आकड्यांची की (बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची) मागितली तर ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळण्याची शक्यता जास्त, मोबाइलवरून लॉगिन करून बघ.

प्रोजेक्ट हातात आला की ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचा क्वालिटी अपडेट काढ. ‘रिसेट धिस पीसी’ला सोमवारपर्यंत हात लावू नकोस. आणि हे सगळं करताना इन्व्हर्टरवाल्या मित्राच्या खोलीत बस.