बटणं शिकायला पावणेदोन लाख नकोत

*"आमचा बार्शीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग, अल्बम, एलईडी वॉल असं सगळं मिस्टर बघतात. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ६१ टक्के. दोन वर्षांपूर्वी तिने हट्टाने दुकानातलं जुनं सॉफ्टवेअर काढून डाविंची बसवलं. एप्रिलमध्ये त्या कंपनीचा अमेरिकेतला कार्यक्रम ती रात्री जागून बघते आणि नवीन काय आलं ते सकाळी वडिलांना सांगते. एरवीही बारा-बारा वाजेपर्यंत कुठल्या कुठल्या अनोळखी मुलांना त्यांचं सॉफ्टवेअर का बंद पडलं ते समजावत बसते. आता पुण्याला आठ महिन्यांचा एडिटिंगचा कोर्स करायचा म्हणते. फी १ लाख ७५ हजार. कंपनीचं सर्टिफिकेट मिळतं म्हणे. मिस्टर म्हणतात, बीसीए कर. त्या सर्टिफिकेटवर नोकरी लागते का? आणि हे रात्रीचं जागरण बंद करायला लावू का?"*
— एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

आधी पैशांचं बोलू, कारण क्लासवाले 'सीट भरत आल्या' म्हणून फोन करत असतील.

डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर ज्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचं आहे, ती ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची. या सॉफ्टवेअरची शिकवणीची पुस्तकं कंपनी स्वतःच पीडीएफमध्ये फुकट देते. सोबत सरावासाठी फुटेजही देते. पुस्तक संपलं की एक तासाची, पन्नास प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा असते. ती पास झाली की सर्टिफिकेट मिळतं. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण बारावी सायन्सच्या मुलीला जमणार नाहीत अशी नाहीत. म्हणजे ज्या कागदासाठी तुम्ही पावणेदोन लाख मोजायला निघालात, तो घरबसल्या मिळण्यासारखा आहे.

मग क्लास सगळेच वाईट का? तसं नाही. कंपनीने मान्य केलेले प्रशिक्षक आणि केंद्रं असतात, आणि त्यांची यादी कंपनीच्याच वेबसाइटवर असते. तुमच्या क्लासचं नाव त्यात आहे का, एवढं तिला तपासायला सांगा. यादीत असला, तरी आणखी एक गोष्ट विचारा: आठ महिन्यांत खऱ्या गिऱ्हाइकाची किती कामं ती करेल, आणि तिने केलेलं काम शेजारी बसून कोण तपासेल? उत्तरादाखल 'हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स' ऐकू आलं, तर चहा प्या आणि बार्शीची एस.टी. पकडा. शेजारी बसून चुका दाखवणारा माणूस मिळत असेल, तर त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही. मेनू कुठे आणि बटण कुठे, यासाठी मात्र एक रुपयाही नको.

आता नोकरीचं. एडिटर घेताना 'सर्टिफिकेट बघू' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझ्याकडे आलेला एक मुलगा सगळे शॉर्टकट तोंडपाठ करून मुंबईत मुलाखतीला गेला. त्यांनी त्याच्यापुढे एक हार्ड डिस्क ठेवली. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज, आवाज वेगळा, फोल्डरांना नावं नाहीत. 'संध्याकाळपर्यंत लावून दे,' एवढंच सांगितलं. संध्याकाळी तो परत निघाला. आता तुमच्या दुकानाचं बघा. मे महिन्यात हळद, साखरपुडा, लग्न, वरात मिळून कॅमेऱ्याची किती मेमरी कार्डं रिकामी होतात? ती लावायचं, नावं द्यायचं, बॅकअप घ्यायचं काम दोन सिझन कोण करतंय? तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे की तीच.

या कंपनीच्या बातम्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. तिचं त्या कंपनीवरचं प्रेम तुम्हाला खूळ वाटतंय. मला तसं वाटत नाही, पण प्रेमात डोळे उघडे असलेले बरे.

ग्रँट पेटी हा ब्लॅकमॅजिकचा संस्थापक. पोस्ट-प्रॉडक्शनच्या धंद्यात इंजिनिअर म्हणून राबलेला माणूस. २००१ साली त्याने कंपनी काढली, आणि पहिलं उत्पादन होतं कॉम्प्युटरमध्ये बसवायचं व्हिडिओ कार्ड. डाविंची त्यांनी घडवलेलं नाही. रंग सुधारण्याची ही यंत्रणा अमेरिकेतल्या दा विंची सिस्टिम्सची होती. किंमत लाखो डॉलर, त्यामुळे ती फक्त मोठ्या स्टुडिओत असायची. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांत सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बाजारात आणली. पुढे इफेक्टसाठी फ्यूजन आणि आवाजासाठी फेअरलाइट घेऊन त्यातच जोडलं. विकतची स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला, पैसे एकदाच. महिन्याच्या हप्त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला कंटाळलेले स्टुडिओवाले इकडे वळले, त्याचं कारण हेच.

हा दानधर्म नाही, हे तिला समजू दे. सॉफ्टवेअर फुकट शिकलेला माणूस पुढे त्यांचाच कॅमेरा घेतो, कार्ड घेतो, रंगाचं पॅनेल घेतो. कंपनी कमावते ती तिथे. २०१९ मध्ये त्यांनी एटेम मिनी आणला: चार एचडीएमआय कॅमेरे लावता येतील असा, दप्तरात मावणारा स्विचर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर चित्र बदलणारं यंत्र), तोही २९५ डॉलरलाच. पुढच्याच वर्षी लॉकडाउन लागलं आणि पन्नास माणसांतली लग्नं यूट्यूबवर लाइव्ह जायला लागली. तुमच्या मिस्टरांना विचारा, आज एलईडी वॉलच्या मिक्सिंगला ते काय वापरतात. कीर्तन महोत्सवाच्या लाइव्हलासुद्धा मी ते छोटं युनिट बघितलंय. मेलबर्नच्या कंपनीने घेतलेल्या निर्णयाने बार्शीतल्या मांडवाचा धंदा बदलतो. तुमची मुलगी रात्र जागून ते बघते, तेव्हा ती आपल्याच दुकानाची बातमी बघत असते.

मात्र एक सावधगिरी, आणि ही वडिलांनाही वाचून दाखवा. ती रात्री जागून बघते तो लास व्हेगासचा मेळा एप्रिलमध्ये भरतो आणि नवी आवृत्ती तिथे बहुतेक वेळा 'पब्लिक बीटा' म्हणून येते, म्हणजे चाचणीसाठी. पक्की आवृत्ती कधी दीड महिन्याने, कधी चार महिन्यांनी. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचा कळस. मोठी नवी आवृत्ती बसवली की ती जुनी प्रोजेक्ट लायब्ररी (म्हणजे सगळी कामं जिथे साठवलेली असतात ती जागा) बदलून घेते, आणि एकदा बदललेली लायब्ररी जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. अर्धवट कापलेली बारा लग्नं त्यात अडकली, तर वधूपित्याला तुम्ही काय 'बीटा' समजावणार? दुकानाच्या मशीनवर सिझन संपेपर्यंत हात लावायचा नाही. बीटाशी खेळायचं तर वेगळ्या मशीनवर, आणि आधी लायब्ररीचा बॅकअप. तिला हे माहीत असणारच. माहीत असूनही मोह होतो, वय तसं आहे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. रात्री बारापर्यंत ती अनोळखी मुलांच्या अडचणी सोडवते.

ताई, मला वाटतं तुमच्या मुलीला स्वतःलाच अजून कळलेलं नाही की तिला एडिटिंग तितकंसं आवडत नाही. एडिटर व्हायचं असलेली मुलं माझ्याकडे येतात ती 'हा टीझर बघा ना मॅडम' म्हणत मोबाइल पुढे करतात. तुमच्या पूर्ण पत्रात तिने केलेल्या एकाही फिल्मचा उल्लेख नाही. आहे ते काय? दुकानाची यंत्रणा बदलली, नवीन काय आलं ते समजून घेतलं, दुसऱ्याचं बंद पडलेलं चालू करून दिलं. कुणाच्या मोबाइल फुटेजचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) हलता असतो आणि लांबलचक भाषणात आवाज आणि ओठ एकमेकांना सोडून जातात. कुणाचं फोर-के फुटेज टाइमलाइनवर (तुकडे ओळीने लावायच्या पट्टीवर) अडखळतं आणि त्याला प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, माहीतच नसते. कुणाचा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना असतो. हे शोधून काढण्यात जिला रात्र पुरत नाही, ती मुलगी वेगळ्या जातीची आहे. तिची जागा टाइमलाइनपुढे असेलही, पण मला ती टाइमलाइन ज्या यंत्रावर चालते त्याच्या मागे जास्त दिसते.

आणि त्या जागेला पगार आहे. शूटिंगच्या सेटवर डीआयटी असतो, म्हणजे कॅमेऱ्यातला डेटा सुखरूप उतरवून, तपासून पुढे पाठवणारा. मोठ्या पोस्ट स्टुडिओत सर्व्हर, स्टोरेज आणि प्रोजेक्ट सांभाळणारे लोक असतात. न्यूज चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये आणि क्रिकेटच्या ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत) ब्रॉडकास्ट इंजिनिअर असतात. अंधेरीत कॅमेरा भाड्याने देणारी दुकानं आहेत, तिथे सामान तपासून देणाऱ्या माणसाला मालकाइतका मान असतो. ओटीटीला जाणारी प्रत्येक फाइल तपासायला क्यूसीवाले लागतात. या कामांना एडिटरसारखी झळाळी नाही, शेवटच्या श्रेयनामावलीत नाव धावत निघून जातं. पण या रांगेत उभी असलेली मुलं एडिटरांच्या रांगेपेक्षा कितीतरी कमी. शिफ्ट रात्रीच्या असतात, हे लपवत नाही. मुंबईत राहायची सोय आधी, नोकरी मागाहून, हा माझा प्रत्येक आईला सल्ला असतो.

म्हणून शिक्षणाच्या बाबतीत मी यावेळी मिस्टरांच्या बाजूने आहे, थोडा फरक करून. बीसीए चालेल, पण त्याला आता सीईटी लागते. ती दिली नसेल तर सोलापूर विद्यापीठाचं बी.एस्सी. ई.सी.एस. (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) बघा. गणित बरं असेल तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर, दोन्ही उपयोगाचे. नेटवर्किंग आणि लिनक्स जिथे नीट शिकवतात ते कॉलेज घ्या, इमारत बघू नका. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट तिच्या डोक्यात असेल, तर तिथले मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत. म्हणजे पदवी कुठल्याही वाटेने हवीच.

तिच्या मदतीच्या छंदाला थोडी शिस्त लावा, बंद करू नका. एक वही करायला सांगा. कुणाची काय अडचण, कुठली आवृत्ती, कुठलं मशीन, काय करून बघितलं, शेवटी कशाने सुटलं. रिझॉल्व्हच्या हेल्प मेनूतून मशीनची लॉग फाइल काढता येते. ती वाचायला शिकली तर अंदाजाने उत्तर द्यायची सवय सुटेल. अशा तीस-चाळीस नोंदी इंग्रजीत नीट लिहिलेल्या असतील, तर मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी ती वही उघडली जाईल. एक मात्र स्पष्ट सांगते, कंपनीच्या मदतकक्षाचं काम ती फुकट करतेय. शिकायला मिळतं तोवर ठीक. तोच तो प्रश्न पन्नासाव्यांदा आला, तर उत्तर न देता झोपायला तिला मोकळीक आहे. अकरानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, हे तुम्ही आई म्हणून खुशाल सांगा.

पदवीच्या दुसऱ्या वर्षात तिला आणखी एक दार दाखवा. ब्लॅकमॅजिकचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याच्या आत डोकावता येत नाही. तुमच्या दुकानात व्हीएलसी प्लेयर असेलच, तो नारिंगी शंकूवाला. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. त्यांना कॅम्पसचं नेटवर्क वेगवान करून हवं होतं, आणि त्यासाठी उपग्रहावरचा टीव्ही त्या नेटवर्कवरून दाखवायची टूम काढली! २००१ मध्ये त्यांनी आतला सगळा कोड जगाला खुला केला. आजही तो व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था चालवते. एफएफएमपेग हेही असंच, व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारं, अनेक व्हिडिओ सेवा आतून ज्याच्यावर उभ्या आहेत ते साधन. या दोन्ही प्रकल्पांत अठरा वर्षांवरच्या नवख्यांनी गूगलच्या उन्हाळी उपक्रमातून मानधन घेऊन काम केलेलं आहे. सुरुवात कोड लिहून होत नाही, बिघाड नीट लिहून कळवण्यापासून होते. म्हणजे परत ती वहीच.

राहता राहिले १ लाख ७५ हजार. त्यातले पंचवीस-तीस हजार दुकानात घाला: बॅकअपसाठी दुसरी डिस्क, आणि लागत असेल तर स्टुडिओ आवृत्तीचं लायसन्स. बाकीचे तीन वर्षांच्या फीला. आणि मिस्टरांना माझा निरोप द्या. बाहेरचा पोरगा मिक्सिंगला लावला तर एका लग्नाचे ते किती देतात, तेवढेच या तुळशीच्या लग्नानंतरच्या सिझनपासून तिच्या खात्यात जमा करायचे. घरचीच आहे म्हणून सूट नाही.